ल्यूदेवित पोसाव्स्की

ल्यूदेवित पोसाव्स्की (मृत्यू ८२३) : सावा व द्रावा नद्यांमधल्या खालच्या पॅनोनियाचा स्लाव्ह अधिपती. ठाणे सिसाक (आजचा क्रोएशिया). आवार या भटक्या लोकांची सत्ता मोडल्यावर हा मुलूख पश्चिम युरोपातल्या फ्रँकांकडे गेला व इथले प्रमुख त्यांचे मांडलिक झाले.

८१८ साली ल्यूदेवितचे वकील हर्स्टाल (आजचे बेल्जियम) येथे फ्रँक सम्राट पहिला लुई याच्यापुढे उभे राहिले. फ्रिउलीचा (ईशान्य इटली) सरहद्द-सुभेदार कादोलाह क्रूर व उद्दाम आहे, अशी त्यांची फिर्याद होती. कादोलाह पदावरच राहिला आणि ८१९ मध्ये ल्यूदेवितने बंड केले. इटलीतून आलेली फौज हात हलवत परतली. तरीही त्याने सम्राटाकडे अटी पाठवल्या : त्या मान्य झाल्या तर आज्ञेत राहीन. सम्राटाने त्या फेटाळून स्वतःच्या अटी पुढे केल्या. त्या ल्यूदेवितने नाकारल्या. हे सारे फ्रँकांच्याच वार्षिक वृत्तांतात नोंदलेले आहे. तो वृत्तांत त्याला कारस्थानी ठरवतो. पण त्याला तोडून वेगळे व्हायचे नव्हते, मानाने नांदायचे होते, असे याच नोंदींवरून वाटते.

शेजारची तिमोचानी ही स्लाव्ह टोळी त्याला मिळाली, कार्निओलाचे (आजचे स्लोव्हेनिया) स्लाव्हही मिळाले. घरात मात्र फूट होती. सासरा द्रागोमुझ बंडाच्या आरंभीच दाल्मेशियाचा (एड्रियाटिक किनारा) अधिपती बोर्ना याच्याकडे गेला आणि कुपा नदीकाठी ल्यूदेवित व बोर्ना यांच्यात झालेल्या लढाईत मारला गेला. तिथे बोर्नाला त्याच्या बाजूची गुडुस्कानी टोळी सोडून गेली. अंगरक्षकांमुळे तो कसाबसा वाचला. त्याच डिसेंबरात ल्यूदेवित दाल्मेशियात घुसला. बोर्नाने सगळी चीजवस्त गडांत नेऊन ठेवली व निवडक माणसांनिशी छापे घातले. त्यात ल्यूदेवितची ३,००० माणसे पडली, ३०० हून अधिक घोडे गेले.

८२० मध्ये फ्रँकांच्या तीन फौजा तीन वाटांनी आल्या. ल्यूदेवित डोंगरी गडावर बसून राहिला. मुलूख जळाला, गड पडला नाही. त्याच्या तटबंदीसाठी ग्रादोचा (ईशान्य इटली) ख्रिस्ती धर्मगुरू फोर्तुनातुस याने कारागीर व गवंडी पाठवल्याचा आरोप झाला. जाब द्यायला बोलावताच फोर्तुनातुस झादरमार्गे कॉन्स्टँटिनोपलला निघून गेला.

८२२ मध्ये नवी फौज येताच ल्यूदेवित सिसाक सोडून सर्बांकडे पळाला. आसरा देणाऱ्या प्रमुखालाच दगा देऊन ठार करून त्याने त्याचे नगर घेतले. त्याच्या चरित्रातला हा डाग पुसता येत नाही. पुढे तो दाल्मेशियात बोर्नाचा मामा ल्यूदेमिसल याच्याकडे गेला; त्याने ८२३ मध्ये ल्यूदेवितचा घात केला.

८२७ मध्ये बल्गारांच्या नौका द्रावेतून वर आल्या. त्यांनी पॅनोनियातल्या स्लाव्ह प्रमुखांना हाकलून आपले अंमलदार बसवले.