चारशेवी शिवजयंती आणि इंदूरच्या पत्रिकेवरचा महिना

२०३० साली शिवाजी महाराजांच्या जन्माला ४०० वर्षे पूर्ण होतील. इंदूरच्या मंडळांत तयारीची बोलणी निघाली की आधी दिवसाचा प्रश्न येतो, आणि तो इथे महाराष्ट्रापेक्षा अवघड आहे.

पूर्वी जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी होई. वर्ष शके १५४९ धरत. १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार नोंद, छापली गेली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली. १९६६ साली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, पण एकमत झाले नाही. १९ फेब्रुवारी शासकीय जयंती ठरायला नवे शतक उजाडले. ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली आहे. आजच्या गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो. त्यामुळे तारीखवाल्यांनी तिथीवाल्यांना चूक ठरवण्यात काही अर्थ नाही.

इंदूरची खरी अडचण महिन्याची आहे. मराठी पंचांगात महिना अमावस्येला संपतो, इथल्या स्थानिक पंचांगात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिना एकच, म्हणून वैशाखातल्या जयंतीने कधी घोळ केला नाही. वद्य पक्षात मात्र आपला फाल्गुन इथे चैत्र होतो. अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यतिथीचेच बघा. अहिल्योत्सवाची पालखी इथल्या भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला निघते. आपल्या पंचांगात ती श्रावण वद्य चतुर्दशी. पत्रिकेवर नुसते ‘चैत्र कृष्ण ३’ छापले, तर घरात मराठी दिनदर्शिका लावणारा पाडव्यानंतरची तृतीया शोधतो आणि महिनाभर उशिरा पोहोचतो. म्हणून पत्रिकेवर ‘फाल्गुन वद्य ३, शके १९५१ (स्थानिक पंचांगात चैत्र कृष्ण ३)’ असे पूर्ण छापावे, वार आणि इंग्रजी तारखेसह. तृतीया सूर्योदयाला आहे का, हेही आधी पाहावे. तिथीचा क्षय (ती कोणत्याच सूर्योदयाला नसणे) किंवा वृद्धी (ती दोन सूर्योदयांना असणे) असली तर दोन मंडळांचे दोन दिवस होतात.

परवानग्यांचे वेळापत्रकही दिवसावरच ठरते. तृतीयेनंतर दोनच दिवसांनी रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंग उधळणारी मोठी मिरवणूक, असते. राजवाड्याभोवतीचे रस्ते, पोलीस, सफाई, सगळे तिच्या तयारीत गुंतलेले असते. त्या आठवड्यात तिथे मोठी मिरवणूक मागितली तर मार्ग बदलून मिळण्याचीच शक्यता जास्त. १९ फेब्रुवारीला रस्ते मोकळे असतात, पण बोर्डाच्या परीक्षा तोंडावर किंवा सुरू असतात आणि ध्वनिक्षेपकावर बंधने येतात. रात्री १० नंतर तो एरवीही बंदच.

२०३० मध्ये होळी २० मार्चच्या सुमारास आहे, म्हणजे तारीख आणि तिथी यांत महिन्याहून जास्त अंतर पडेल. तेव्हा मिरवणूक, व्याख्यान, पोवाडे १९ फेब्रुवारीला, ढोल-ताशा दुपारी. आणि पाळणा तिथीला, सभागृहात किंवा देवळात. पाळण्याला रस्ता लागत नाही, पण तिथी लागते.