ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल

ब्राउनिंग हाय-पॉवर : बेल्जियममधील एफएन कंपनीने १९३५ साली सैन्यासाठी बाजारात आणलेले, १३ काडतुसांचे मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) असलेले ९ मिमी अर्धस्वयंचलित पिस्तूल. ५०हून अधिक देशांच्या सैन्यांनी ते वापरले. भारतात ते ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ या नावाने पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनते आणि लष्करातील अधिकाऱ्यांच्या कमरेला तेच दिसत आले आहे. ते उत्तम की कालबाह्य, यावर नेमबाज आणि सैनिक अनेक दशके वाद घालत आले आहेत. या वादाचा उलगडा करायचा तर पिस्तूल कोणाच्या मागणीवरून बनले, तिथून सुरुवात करावी लागते. त्याचे बरेचसे गुण आणि सर्वांत जास्त शिव्या खाणारा दोष, दोन्ही त्या मागणीतूनच आले आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला नवे पिस्तूल हवे होते. त्यात किमान १० काडतुसे मावावीत, हॅमर (गोळी उडवण्यासाठी मागून आपटणारा हातोडा) बाहेर दिसावा, हाताने लावायचा सेफ्टी खटका असावा आणि मॅगझिन काढून घेतल्यावर गोळी सुटूच नये, अशा अटी होत्या. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी एफएनसाठी हे काम हाती घेतले. अमेरिकन सैन्याचे एम १९११ पिस्तूल त्यांचेच, पण त्याचे हक्क कोल्ट कंपनीला विकून झाले होते. त्यामुळे स्वतःच्याच कल्पनांना बगल देऊन त्यांना नवी वाट शोधावी लागली. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजजवळ एफएनच्या कारखान्यातच त्यांचे निधन झाले. उरलेले काम एफएनमधीलच रचनाकार द्यूदोने सॅव्ह यांनी पुढे नेले. कोल्टच्या पेटंटांची मुदत १९२८ मध्ये संपल्यावर एम १९११ पिस्तुलातील उपयोगी गोष्टीही त्यांना मोकळेपणाने घेता आल्या. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला त्या फ्रान्सने मात्र अखेर ८ काडतुसांचे ७.६५ मिमीचे दुसरेच पिस्तूल निवडले.

सॅव्ह यांचे मॅगझिन हा या पिस्तुलाचा सर्वांत मोठा गुण, याबद्दल सहसा कोणी वाद घालत नाही. त्यात काडतुसे एकावर एक सरळ न रचता दोन तिरप्या रांगांत बसतात आणि तोंडाशी येताना एका रांगेत येतात. त्या काळी एम १९११मध्ये ७, तर जर्मन लूगरमध्ये ८ काडतुसे मावत. इथे १३ मावली आणि तरीही मूठ जाडजूड झाली नाही. त्यामागे एक बारीक युक्ती आहे. चाप ओढल्याचा जोर हॅमरला रोखून धरणाऱ्या अडणीपर्यंत पोहोचवणारा दांडा मॅगझिनच्या बाजूने न नेता वर स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागात) बसवला आहे, त्यामुळे मुठीतील सगळी जागा मॅगझिनला मिळते. लहान हाताच्या माणसालाही पकड नीट बसते आणि हात उचलला की नळी आपसूक लक्ष्याकडे वळते. हा अनुभव हे पिस्तूल वापरलेली बहुतेक माणसे सांगतात, आणि केवळ पकडीचा विचार केला तर आजच्या कित्येक पिस्तुलांपेक्षा ते सरस आहे असे माझेही मत आहे. एम १९११मध्ये गोळी सुटल्यावर नळी खाली ओढणारी हलती कडी असते. इथे नळीच्या पोटाशी कोरलेला भक्कम उतार तेच काम करतो. भाग कमी, झिजणे कमी.

आता दोष. फ्रेंचांच्या अटीप्रमाणे चापाला एक छोटी, स्प्रिंग लावलेली खुंटी जोडली आहे. मॅगझिन आत असले की त्याचा पुढचा पत्रा या खुंटीला पुढे दाबून धरतो आणि चापाचा हॅमरशी संबंध जुळतो. मॅगझिन बाहेर काढले की खुंटी मागे सरकते आणि चाप कितीही ओढला तरी हॅमर पडत नाही. बराकीत पिस्तूल साफ करताना मॅगझिन काढून ‘रिकामे झाले’ असे समजायचे आणि चेंबरमध्ये (नळीत गोळी बसायच्या जागेत) राहिलेली गोळी सुटायची, हा अपघात सर्व सैन्यांना परिचित आहे; तो या खुंटीने टळतो. पण प्रत्येक वेळी चाप ओढताना तीच खुंटी मॅगझिनच्या पत्र्यावर घासते. बोटाला खरखर जाणवते, ओढ जड लागते आणि नेम किंचित हलतो. खुंटीच्या दाबामुळे, मॅगझिन सोडवण्याचा खटका दाबताच ते सुळकन खाली पडत नाही, कधी हाताने ओढून काढावे लागते. शेवटी एफएनने मॅगझिनच्या बुडाशी त्याला बाहेर ढकलणारी वेगळी स्प्रिंग बसवली. स्पर्धेतले कित्येक नेमबाज खुंटीच काढून टाकतात. त्यांच्यासाठी ते ठीक असेल, पण शेकडो नवख्या जवानांच्या हाती जाणाऱ्या शस्त्राला तोच न्याय लावता येणार नाही.

दुसरी जुनी तक्रार हॅमरची. मांसल हाताच्या माणसाने मूठ उंच धरली की मागे येणारा हॅमर अंगठा आणि तर्जनीमधली कातडी चिमटतो. सेफ्टी खटकाही सुरुवातीच्या पिस्तुलांत अगदी इवलासा आणि फक्त डाव्या अंगाला होता. घाम आलेल्या किंवा हातमोजा घातलेल्या अंगठ्याला तो सापडत नसे. डावखुऱ्यांची तर पंचाईतच. १९८०च्या दशकातील मार्क २ आणि मार्क ३ या सुधारित आवृत्त्यांत खटका मोठा झाला आणि दोन्ही बाजूंना आला.

जुन्या पिस्तुलांत टोकाशी पोकळ असलेल्या गोळ्या अडकतात, असेही ऐकू येते. ते खरे आहे, कारण मॅगझिनमधली गोळी नळीत शिरते तिथला उतार गोल टोकाच्या लष्करी गोळीसाठी घडवलेला होता. पण लष्करी शस्त्राला हा दोष लावणे मला अन्यायाचे वाटते. शरीरात फुलणाऱ्या अशा गोळ्यांना युद्धात १८९९च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली, आणि त्या मनाईला निमित्त झालेल्या गोळ्या इशापूरपासून फार दूर नसलेल्या डमडमच्या कारखान्यातल्या होत्या.

खरा लष्करी प्रश्न पिस्तूल कसे बाळगायचे हा आहे. हॅमर आधी मागे ओढलेला असेल तरच याचा चाप काम करतो. रचनाकारांच्या मनात चेंबरमध्ये गोळी, हॅमर मागे आणि खटका लावलेला, अशी तयारी होती. अनेक सैन्यांना ती धोक्याची वाटली. म्हणून चेंबर रिकामे ठेवायचे आणि वेळ आली की दुसऱ्या हाताने स्लाइड ओढायची, अशी शिस्त लागली. दुसरा हात जखमी असेल किंवा गुंतलेला असेल तर काय? ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये याऐवजी ग्लॉक १७ घेतले, त्यामागे वजन आणि १७ काडतुसे ही कारणे होतीच, पण गोळी चेंबरमध्ये ठेवून निर्धास्त बाळगता येणे ही सोयही तितकीच मोलाची होती. पूर्ण पोलादी हाय-पॉवर रिकामे असतानाच सुमारे ९०० ग्रॅम भरते.

टिकाऊपणाबद्दल मात्र इतिहासाची साक्ष भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल दोन्ही बाजूंनी लढले. बेल्जियम ताब्यात आल्यावर जर्मनांनी एफएनमध्ये तीन लाखांहून अधिक पिस्तुले बनवून घेतली, तर दोस्तांसाठी कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने सुमारे दीड लाख. त्या कॅनेडियन पिस्तुलांपैकी काही तिथल्या सैन्यात २०२०च्या दशकापर्यंत चालली. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात शिरलेल्या एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या जवानांकडेही हेच होते.

इशापूरचे १ए याच इंग्लिस घराण्यातले. त्यात भरल्या जाणाऱ्या ९ मिमी काडतुसांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे : पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातील काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे ठोकलेली असतात. भारतीय कायद्यात ९ मिमी हा निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) असल्याने सामान्य परवानाधारकाला हे पिस्तूल मिळत नाही. त्यामुळे त्याबद्दलचे भारतीय मत मुख्यतः ज्यांनी ते नोकरीत बाळगले त्यांचेच असते. एनएसजी आणि लष्कराच्या विशेष दलांनी ग्लॉक घेतली आहेत. पुण्याची शस्त्रसंशोधन संस्था एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून घडवलेले ‘अस्मी’ २०२१ मध्ये पुढे आले. पण ते मशीन पिस्तूल, म्हणजे चाप दाबून धरला की सलग गोळ्या झाडणारे शस्त्र आहे, त्याचे काम वेगळे. साध्या पिस्तुलाची जागा ते घेणार नाही.

एफएनने मूळ हाय-पॉवरचे उत्पादन २०१८ मध्ये थांबवले आणि २०२२ मध्ये त्याच नावाचे नवे पिस्तूल आणले. त्यात १७ काडतुसे मावतात, खटके दोन्ही बाजूंना आहेत, हॅमर हात चिमटत नाही आणि मॅगझिनला अडणारी ती खुंटी काढून टाकली आहे. जुन्या पिस्तुलाची मॅगझिने त्याला चालत नाहीत.