आतड्याचा ऊतकनाशी दाह व प्रतिऑक्सिडक उपचार (अपुऱ्या दिवसांची बाळे)

नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, म्हणजे वॉर्डात ज्याला नुसते ‘एनईसी’ म्हणतात तो आतड्याचा दाह. ३२ आठवड्यांआधी किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दूध पचू लागले असे वाटत असतानाच तो उद्भवतो. पोट फुगून चकाकते, जठरातल्या नळीतून हिरवे पित्त येते, शीमध्ये रक्त दिसते, श्वास मध्येच थांबतो. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले की निदान पक्के होते. पोटात मोकळी हवा दिसली तर आतड्याला भोक पडलेले असते.

प्रतिऑक्सिडकांचा विचार का झाला? ऑक्सिजनपासून बनणाऱ्या, पेशींना इजा करणाऱ्या मुक्त कणांना निकामी करतात ती प्रतिऑक्सिडके. त्यांपैकी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज ही विकरे (एन्झाइम) आणि ग्लुटाथायोन यांचा साठा गर्भात शेवटच्या आठवड्यांत भरतो. लवकर जन्मलेल्या बाळाकडे तो तोकडा असतो. त्यात आतड्याचा रक्तपुरवठा घटून पुन्हा सुरू झाला की झँथिन ऑक्सिडेज या विकरामुळे मुक्त कणांचा लोंढा येतो. रक्तातले मोकळे लोह त्यात भर घालते.

मग प्रतिऑक्सिडक औषधे भरपूर द्यावीत, हा तर्क सरळ वाटतो, पण बाळांवर तो टिकला नाही. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या मात्रांनी मेंदूतला रक्तस्राव घटला, पण जंतुसंसर्ग वाढला. पांढऱ्या पेशी जंतू मारतात तेही याच मुक्त कणांनी. शिरेतून देण्याचे व्हिटॅमिन ईचे एक औषध १९८४ साली अमेरिकेत बाळांच्या मृत्यूंनंतर मागे घ्यावे लागले. संशय मुख्यतः त्यातल्या पॉलिसॉर्बेट या विरघळवणाऱ्या द्रव्यावर होता. लोह धरून ठेवणाऱ्या लॅक्टोफेरिन या दुधातल्या प्रथिनाची चाचणी ब्रिटनमध्ये २,२०३ बाळांवर झाली. रोज किलोमागे १५० मि.ग्रॅ. देऊनही संसर्ग वा एनईसी कमी झाला नाही (२०१९). एन-ॲसिटिलसिस्टीन व मेलाटोनिन या प्रतिऑक्सिडकांचे चांगले परिणाम मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांतले. म्हणून एनईसीवर नेहमीचे औषध म्हणून यांतले काहीही देऊ नये.

ऑक्सिजन कमी ठेवण्याचा उपायही फसला. रक्तातील ऑक्सिजन ८५–८९ टक्के आणि ९१–९५ टक्के अशी तुलना झाली, तेव्हा कमी पातळीत डोळ्यांचा पडदा वाचला, पण तीव्र एनईसी ६.९ वरून ९.२ टक्क्यांवर गेला आणि मृत्यूही वाढले. त्यामुळे लक्ष्य ९०–९५ टक्के ठेवतात. जन्मवेळी श्वासाला मदत लागली तर पूर्वी सुरुवात २१–३० टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेने होत असे; ३२ आठवड्यांआधीच्या बाळांत आता ती ३० टक्के किंवा अधिकने करतात. शिरेतून देण्याच्या पोषणद्रवावर उजेड पडला की त्यात पेरॉक्साइड तयार होतात. बाटली व नळी दोन्ही झाकावीत.

खरा आधार आईचे दूध. पहिला चीक थेंबभर असला तरी फुकट घालवू नये. साधारणपणे किलोमागे दिवसाला १०–२० मि.लि.ने सुरुवात करून पुढे रोज २०–३० मि.लि. वाढवतात. आईचे नसेल तर दात्या मातेचे दूध, ते ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवतात. त्यात काही प्रतिऑक्सिडके घटतात, तरी एनईसीच्या बाबतीत ते पावडरच्या दुधापेक्षा सरस ठरते. घरच्यांनी प्रेमाने आणलेली बाळगुटी, मध किंवा साखरपाणी मात्र या बाळांना मुळीच देऊ नये.

गोव्यात अशा बाळांचा शेवटचा आधार बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ). काणकोण किंवा सत्तरीतून अपुऱ्या दिवसांच्या कळा सुरू झाल्या, तर प्रसूतीआधीच, बाळ पोटात असताना आईला तिथे हलवणे उत्तम. बाळाला एनईसी असल्याचा संशय येताच दूध थांबवतात, जठरात नळी घालून पोट रिकामे ठेवतात, प्रतिजैविके सुरू करतात आणि दर सहा-आठ तासांनी एक्स-रे काढतात. भोक पडल्यास बालशल्यचिकित्सक लागतो.