टोस्टमास्टर्स क्लबचं सभासदत्व : सांगलीकरांसाठी अर्जाची माहिती

भाषणाचा सराव करायला टोस्टमास्टर्स क्लबमध्ये जायचं म्हटलं की सांगली-मिरजेकडे पहिला प्रश्न येतो, "कागदपत्रं काय काय लागतात?" दाखला, मार्कशीट, सही-शिक्क्याची झेरॉक्स, यातलं काहीही लागत नाही. अट एकच : वय 18 वर्षं पूर्ण हवं. शिक्षण किती, नोकरी कुठे, याआधी स्टेजवर बोललात का, हे पात्रतेत येत नाही.

अर्जाची घाई मात्र नको. हे क्लब चालवणारी मूळ संस्था टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल; तिच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून क्लब शोधा. जवळ सोयीचा सापडला नाही तर ऑनलाइन सभा घेणारेही क्लब आहेत. काही कंपन्यांचे आणि कॉलेजांचे क्लब बाहेरच्यांना घेत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. सभा कोणत्या भाषेत चालते तेही विचारा; इंग्रजीच हवी असा संस्थेचा नियम नाही.

मग पाहुणे म्हणून एक-दोन सभांना जाऊन बसा. त्याचे पैसे पडत नाहीत. ऐनवेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं, वेळ भरत आली की हिरवा, पिवळा, लाल असा इशारा होतो आणि एक सभासद तुमचे "अं... म्हणजे..." चक्क मोजत असतो. शाळेत "अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग"पासून पाठ करून बक्षिसं घेतलेल्यांची इथेच खरी पंचाईत होते. भाषणानंतर दुसरा सभासद दोन-तीन मिनिटं त्याचं मूल्यमापन करतो, ते नीट ऐका. सगळ्यांना नुसतंच "छान झालं" म्हणत असतील तर माझ्या मते तिथे पैसे भरू नयेत.

पसंत पडलं की फॉर्म : नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि सही. त्यातच सभासदाची प्रतिज्ञा छापलेली असते, ती वाचून सही करा. सभांना नियमित येण्याचं वचन त्यात आहे. क्लबने होकार दिला की पदाधिकारी अर्जावर सही करून नोंदणी करतात.

पैशांचा हिशोब डॉलरमध्ये असतो. ऑक्टोबर 2023पासून सहा महिन्यांची वर्गणी 60 डॉलर, शिवाय नव्या सभासदाला एकदाच 20 डॉलर. नूतनीकरण 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला. मध्येच आलात तर महिन्याला 10 डॉलरप्रमाणे : ऑगस्टमध्ये आलेल्याला दोन महिन्यांचे 20 आणि प्रवेशाचे 20, असे 40. ऑक्टोबरला पुढचे 60 आहेतच. क्लब स्वतःची वेगळी वर्गणीही घेऊ शकतो. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे एकूण रुपये किती ते आधीच विचारा.

नोंदणी झाली की संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचा मार्ग निवडायचा. पहिलं भाषण 'आइस ब्रेकर', चार ते सहा मिनिटं, स्वतःची ओळख. त्याची तारीख क्लबच्या शिक्षण उपाध्यक्षांकडून त्याच आठवड्यात मागून घ्या.