मुंबई हायच्या पोलादामागची गोष्ट: प्लॅटफॉर्म, यार्ड आणि जोडकाम

फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हाय या क्षेत्रात तेल शोधले, हे महाराष्ट्रात बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. मात्र त्या क्षेत्रातून व्यापारी उत्पादन 21 मे 1976 रोजी सुरू झाले, आणि मधल्या सव्वादोन वर्षांत काय घडले, याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. सुमारे 75 मीटर खोल पाण्याखाली तेल सापडणे ही एक गोष्ट आणि ते वर्षानुवर्षे वर काढता यावे यासाठी समुद्रतळावर पोलादाची वास्तू उभी करणे ही दुसरी गोष्ट. पहिल्या कामाचे श्रेय भूवैज्ञानिकांचे आणि ड्रिलिंगवाल्यांचे, दुसऱ्याचे फॅब्रिकेशनवाल्यांचे, म्हणजे पोलाद कापून-जोडून वास्तू घडवणाऱ्यांचे. प्लेट कापणारे, वाकवणारे, फिटर, वेल्डर, ग्राइंडर, रिगर आणि ज्यांना साइटवर आजही ‘खलाशी’ म्हटले जाते ते अवजड माल हलवणारे कामगार, अशा सगळ्यांचे ते काम आहे. प्रस्तुत टिपणात मुख्यतः याच दुसऱ्या कामाचा मागोवा घेतला आहे.

या धंद्याचे मूळ सूत्र एकच आहे: समुद्रात करावे लागणारे काम शक्य तेवढे किनाऱ्यावर उरकून घ्यायचे. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात 1947 साली कर-मॅगी कंपनीसाठी ब्राउन अँड रूट या कंत्राटदाराने जमीन दिसेनाशी होईल इतक्या अंतरावर प्लॅटफॉर्म उभारला. तिथे पाणी जेमतेम सहा मीटर खोल होते. त्याआधी कॅलिफोर्नियात किनाऱ्यालगत लाकडी धक्के बांधून त्यांवरून विहिरी खणल्या जात. तो जमिनीचाच थोडा पुढे नेलेला भाग होता. जमीन नजरेआड गेल्यावर मात्र जागेवर बांधकाम करणे परवडेनासे झाले. बार्जचे, म्हणजे सपाट तळाच्या तराफ्यासारख्या नौकेचे, भाडे दिवसावर मोजले जाते, हवामान कोणाच्या हातात नसते आणि हलत्या पृष्ठभागावर केलेल्या जोडाचा भरवसा देता येत नाही. म्हणून लुइझियानाच्या किनाऱ्यावर यार्डे निघाली. तिथे सबंध सांगाडा आडवा ठेवून जोडायचा, तो बार्जवर सरकवायचा, जागेवर नेऊन पाण्यात सोडायचा, उभा करायचा आणि त्याच्या पोकळ पायांतून तळात पाइल, म्हणजे पोलादी खांब, ठोकून तो खिळवायचा, अशी पद्धत रूढ झाली. या सांगाड्याला ‘जॅकेट’ हे नाव मिळाले. त्यावर बसणाऱ्या भागाला डेक किंवा टॉपसाइड म्हणतात. मूळ पद्धत आजही तीच आहे, आकार तेवढे वाढले.

हे शक्य झाले ते वेल्डिंगमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलाच्या टाक्या रिव्हेटच्या असत आणि पाइपलाइनचे तुकडे आटे पाडून एकमेकांत फिरवत. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत 24 इंची ‘बिग इंच’ पाइपलाइन टाकली गेली, तोवर विद्युत वेल्डिंग या धंद्याचा कणा झाले होते. मात्र त्याच काळाने वेल्डिंगचा दुसरा चेहराही दाखवला. जानेवारी 1943 मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे टँकर जहाज धक्क्याला उभे असतानाच दुभंगले. रिव्हेटच्या जहाजात तडा गेला तर तो पुढच्या प्लेटच्या कडेशी बहुधा थांबतो. वेल्ड केलेले जहाज मात्र एकसंध असते आणि तडा एकदा सुटला की त्याला अडवणारे काही नसते. पोलादाचा चिवटपणा, थंडीत येणारा ठिसूळपणा आणि जोडाच्या कोपऱ्यांत साठणारा ताण यांचा अभ्यास त्यानंतर नेटाने सुरू झाला. आज यार्डात प्रत्येक प्लेटचा हीट नंबर (ती ज्या ओतकामातून आली त्याचा क्रमांक), प्रत्येक वेल्डरचा क्रमांक आणि प्रत्येक जोडाचा कागद जपला जातो, त्यामागे असेच महागात पडलेले धडे आहेत.

भारतात तेलाचे काम जुने असले, तरी फॅब्रिकेशनची कला उशिरा रुजली. आसामात दिग्बोईला 1889 साली तेल लागले. मुंबईत तुर्भ्याला 1954 मध्ये स्टॅनव्हॅकची आणि लगतच माहुलला 1955 मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली. तिथला आराखडा, नामांकित यंत्रसामग्री आणि देखरेख परदेशी होती. मात्र टाक्या उभारताना, पाइप जोडताना आणि पुढे दरवर्षीच्या शटडाउनमध्ये, म्हणजे देखभालीसाठी कारखाना थांबवल्यावर, काम करताना चेंबूर-माहुल पट्ट्यात कुशल हातांची एक फळी तयार झाली. माझ्या मते मुंबई हायच्या इतिहासात या फळीला द्यावे तितके महत्त्व दिले जात नाही. ऑइल अँड नॅचरल गॅस कमिशनची सुरुवात 1956 मध्ये झाली होती आणि 1965 मध्ये इंजिनिअर्स इंडिया लिमिटेडची स्थापना झाल्यावर आराखड्याचे कामही हळूहळू देशात येऊ लागले.

समुद्राकडे वळण्याची तयारी साठच्या दशकातच सुरू होती. ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोर भूकंपीय सर्वेक्षण केले, त्यातून समुद्रतळाखालचा तो प्रचंड उंचवटा नकाशावर आला. 1970 मध्ये खंबातच्या आखातात अलियाबेट येथे देशातील पहिली समुद्री विहीर खणली गेली. जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ 1973 मध्ये दाखल झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. त्यामुळे फेब्रुवारीत तेल सापडले तेव्हा घाई अपरिहार्य होती आणि देशी यार्ड घडेपर्यंत थांबणे कोणालाच परवडणारे नव्हते. सुरुवातीच्या प्लॅटफॉर्मसाठी परदेशी यार्डे आणि परदेशी क्रेन-बार्ज यांवर विसंबावे लागले. एनए हा पहिला विहीर-प्लॅटफॉर्म 1976 मध्ये उभा राहिला. निघालेले तेल सुरुवातीला समुद्रातच बोयाशी बांधलेल्या टँकरमध्ये भरून आणावे लागे.

1978 मध्ये उरणपर्यंत तेलाची आणि वायूची अशा दोन पाइपलाइन सुरू झाल्या. सुमारे 200 किलोमीटर अंतर आणि साधारण 12 मीटरचा एक पाइप, असा हिशेब केला तर एका लाइनमध्ये साडेसोळा हजारांहून अधिक जोड येतात. त्यातला प्रत्येक जोड बार्जवर एकामागून एक मांडलेल्या ठाण्यांवर भरला जातो, तपासला जातो, लेपला जातो आणि मग कायमचा पाण्याखाली जातो. त्याच वर्षी राहण्याचा प्लॅटफॉर्म आणि 1981 मध्ये तेल, पाणी व वायू वेगळे करणारा बॉम्बे हाय नॉर्थ हा प्रोसेस प्लॅटफॉर्म जवळच उभा राहून पुलांनी जोडला गेला. उरण हे या सगळ्याचे जमिनीवरचे टोक ठरले. पुढे थळच्या खत कारखान्यापर्यंत हाच वायू पोहोचला, आणि भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्याचे रूप एका पिढीत पालटले.

देशी फॅब्रिकेशनचा खरा आरंभ माझगाव डॉकमध्ये झाला. 1774 पासूनचा वारसा सांगणारी ही गोदी 1960 मध्ये सरकारी मालकीची झाली होती आणि 1972 मध्ये तिने ‘निलगिरी’ ही युद्धनौका नौदलाला दिली होती. जाड प्लेट अचूक कापणे, वाकवणे आणि जोडणे तिला येत होते. नव्हती ती मोकळी जागा. जॅकेट आडवे पडले की त्याची लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा जास्त भरते, त्याभोवती क्रॉलर क्रेन फिराव्या लागतात आणि शेवटी ते बार्जवर सरकवण्यासाठी पाण्यापर्यंत भक्कम रूळमार्ग लागतो. हे माझगावच्या दाटीत बसणारे नव्हते. म्हणून बंदराच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातील न्हावा येथे यार्ड विकसित झाले. तिथे बांधलेली जॅकेट आणि डेक बंदरातून बाहेर निघून थेट मुंबई हायच्या वाटेला लागत. पश्चिम बंगालमधील जेलिंगहॅम आणि विशाखापट्टणम येथील यार्डांतही अशी कामे झाली, परंतु तिथून निघालेला सांगाडा द्वीपकल्पाला वळसा घालून आणावा लागे. अंतराचा हा लाभ न्हाव्याला होता.

या कामातील कौशल्य कुठे असते हे जॅकेटच्या एखाद्या सांध्याजवळ उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. जाड पायाला दोन-तीन तिरके पाइप वेगवेगळ्या कोनांत येऊन भिडतात. त्या भेटीच्या रेषेवर वेल्डरला कधी बसून, कधी आडवे होऊन, कधी डोक्यावर हात नेऊन जोड भरावा लागतो आणि कोन क्षणोक्षणी बदलत राहतो. म्हणूनच त्याची परीक्षा ‘सिक्स-जी’ अवस्थेत घेतात. पाइप 45 अंशांत तिरपा आवळलेला असतो आणि तो फिरवायची मुभा नसते. आधी टॅक (तात्पुरते टाके), मग रूट (तळाचा पहिला थर), मग हॉट पास (त्यावरचा दुसरा थर), भरणी आणि शेवटी कॅपिंग (सर्वांत वरचा थर), असा क्रम असतो. ‘सत्तर-अठरा’ जातीची इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगची कांडी, ओव्हनमध्ये भाजून गरम डब्यातून नेली जाते, कारण तिच्या लेपात मुरलेला दमट हवेतला ओलावा जोडात हायड्रोजन सोडतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी कधी तासांनंतर, आतून बारीक तडा जातो. बाहेरून तो जोड देखणाच दिसतो. रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रेसारखी जोडाची आतली तपासणी, बहुधा रात्री होते. किरणोत्सर्गामुळे परिसर रिकामा करून दोर बांधतात, लाल दिवे लावतात, आणि सकाळी फिल्म पाहिल्यावर ‘रिपेअर’ शेरा आला तर वेल्डरला आपलाच जोड ग्राइंडरने कोरून पुन्हा भरावा लागतो. दिवसाला किती इंच भरले यापेक्षा रिपेअर किती निघाले यावर त्याची पत ठरते, आणि हा मापदंड मला अत्यंत न्याय्य वाटतो.

याच काळात आखाती देशांत रिफायनऱ्या, टाक्या आणि यार्डे झपाट्याने वाढत होती. आयटीआयमधून निघालेली, मुंबईच्या गोदीत किंवा एखाद्या रिफायनरीच्या शटडाउनमध्ये हात बसलेली कोकणातली आणि मुंबईतली मुले मोठ्या संख्येने तिकडे गेली. मुंबईत ट्रेड टेस्ट घेणारी केंद्रे उभी राहिली. तिथे दिलेला एक जोड पास झाला की व्हिसाचा मार्ग मोकळा होई. यात देशातील यार्डांनी घडवलेले हात गमावले हे खरे, परंतु परतलेल्यांनी काटेकोर कागदपत्रे, परमिट पद्धत आणि सुरक्षिततेची सवय सोबत आणली, हेही तितकेच खरे आहे. पुढे खाजगी क्षेत्रात लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळ हजिरा येथे मोठे यार्ड उभारले आणि नंतर चेन्नईजवळील कट्टुपल्ली व ओमानमधील सोहार येथेही विस्तार केला. पूर्वी डेकचे लहान तुकडे समुद्रात नेऊन तिथे जोडावे लागत. आता यंत्रे, पाइप आणि केबल बसवून चाचणी झालेला अखंड टॉपसाइड किनाऱ्यावरच तयार होऊ लागला. मूळ सूत्र इथे सर्वाधिक यशस्वी ठरले, असे म्हणता येईल.

तथापि बांधलेल्या प्लॅटफॉर्मचे वय वाढते आणि तिथे हे सूत्र अपुरे पडते. मुंबई हायचे उत्पादन 1989 च्या सुमारास दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या घरात पोहोचून नंतर उतरले आणि 2000 च्या सुमारास पुनर्विकासाचे काम हाती घेण्यात आले. साधारण 25 वर्षांच्या हिशेबाने आखलेले सांगाडे त्यापुढेही वापरात ठेवायचे, तर गंजलेली पाइप बदलणे, नवे क्लॅम्प बसवणे, डेक वाढवणे आणि जुनी यंत्रे उतरवून नवी चढवणे भाग असते. हे काम यार्डात आणता येत नाही. चालू तेल आणि वायू यांच्या सान्निध्यात, हॉट वर्क परमिट (ठिणग्या उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी) घेऊन, वायूमापक सतत तपासत, जागेवरच वेल्डिंग करावे लागते. जे काम आपण मोठ्या कष्टाने किनाऱ्यावर आणले होते, ते ‘रिव्हॅम्प’च्या, म्हणजे नूतनीकरणाच्या, नावाने पुन्हा समुद्रात गेले, आणि त्याबरोबर राहण्याच्या बार्जवर महिनोन्‌महिने काढणारा कामगारही पुन्हा समुद्रात गेला.

27 जुलै 2005 रोजी बॉम्बे हाय नॉर्थला ‘समुद्र सुरक्षा’ हे सहायक जहाज येऊन धडकले. जहाजावरील एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर उतरवायचे होते आणि समुद्र खवळलेला होता. धडक वायू वाहून नेणाऱ्या उभ्या रायझर पाइपला बसली, वायूने पेट घेतला आणि दोन तासांच्या आत सबंध प्लॅटफॉर्म नष्ट झाला. 384 जणांपैकी 362 जण वाचले, 22 जण गेले. रायझर जॅकेटच्या बाहेरच्या अंगाला, जहाजे लागतात त्याच बाजूला असणे, हा सुमारे अडीच दशकांपूर्वीच्या आराखड्यातला निर्णय त्या दिवशी निर्णायक ठरला. रायझर कुठे न्यायचा आणि त्याला कसले कवच द्यायचे, याचा विचार तेव्हापासून नव्या कामात वेगळ्या गांभीर्याने होतो.

या क्षेत्रातील बांधकामाचा हंगाम कोळ्यांच्या हंगामासारखाच आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत काम चालते, आणि शेवटच्या आठवड्यांत उरलेले सगळे संपवण्याची धडपड असते. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरच्या समुद्रातून गेले तेव्हा असाच हंगामाचा शेवट होता. ‘पी-305’ या स्वतःचे इंजिन नसलेल्या, नांगरांवर उभ्या असलेल्या राहण्याच्या बार्जवर 261 जण होते. त्यांतले बहुतेक फिटर, वेल्डर, रिगर, रंगारी आणि स्वयंपाकी होते, आणि ते कंत्राटदारांमार्फत देशभरातून आलेले होते. नांगर तुटले, बार्ज प्लॅटफॉर्मवर आदळली आणि बुडाली. नौदलाने उसळत्या समुद्रातून शेकडो जणांना बाहेर काढले, तरीही त्या बार्जवरील सत्तरहून अधिक जण परत आले नाहीत. तेल शोधणाऱ्या रिगचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते, परंतु त्या वास्तूला जिवंत ठेवणाऱ्या या माणसांची नोंद बहुधा हजेरीपटापलीकडे जात नाही, ही या इतिहासातली मला सर्वाधिक सलणारी बाब आहे.

‘सागर सम्राट’चा पुढचा प्रवासही फॅब्रिकेशनशीच जोडलेला आहे. अनेक दशके विहिरी खणल्यावर ती आखातातील यार्डात गेली. तिथे ड्रिलिंगच्या साहित्याऐवजी तिच्यावर प्रक्रियेची यंत्रणा बसवण्यात आली. ठरल्यापेक्षा कितीतरी वर्षे जास्त घेऊन हे काम पूर्ण झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये ती फिरते उत्पादन केंद्र म्हणून मुंबईच्याच समुद्रात पुन्हा उभी राहिली.