लक्ष्मणफळ, अ‍ॅनोनासिन आणि ‘दहा हजार पट’चा आकडा

लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा १०,००० पट गुणकारी आहे, असा एक संदेश कित्येक वर्षं या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्यात थापा भरपूर आहेत, पण आकडा मात्र कुणी मनाने रचलेला नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेरी मॅक्लॉफलिन यांच्या गटाने १९९६ साली या फळाच्या बियांमधून पाच नवी संयुगं वेगळी केली. त्यांतलं सिस-अ‍ॅनोनासिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचटी-२९ या पेशींवर अ‍ॅड्रियामायसिन या केमोथेरपीतल्या औषधाच्या दहा हजार पट तीव्र ठरलं. पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या, संयुग बियांमधलं होतं आणि आकडा त्या एका प्रकारच्या पेशींपुरता होता. फिरता फिरता बिया गळाल्या, एचटी-२९ गळालं. आकडा तेवढा उरला.

या संयुगांचं घराणं अ‍ॅसिटोजेनिन्स. त्यातलं पहिलं, युवॅरिसिन, १९८२ साली सीताफळाच्याच कुळातल्या एका आफ्रिकी वनस्पतीच्या मुळांतून हाती आलं. ३५ किंवा ३७ कार्बन अणूंची लांब साखळी, मेणचट, स्निग्धाम्लासारखी. एका टोकाला लॅक्टोन नावाचं अणूंचं कडं आणि बहुधा मध्ये कुठेतरी ऑक्सिजन असलेली एक-दोन कडी. सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ ही सगळी याच कुळातली.

ही संयुगं शोधायची पर्ड्यूची पद्धत मला फार बोलकी वाटते. मिठाच्या पाण्यात आर्टेमिया नावाच्या चिमुकल्या कवचधारी जीवाच्या अळ्या सोडायच्या, त्यात झाडाचा अर्क टाकायचा आणि किती मेल्या ते मोजायचं. ज्या अर्काने जास्त मेल्या त्याचे पुन्हा भाग करायचे, पुन्हा अळ्या, पुन्हा मोजणी. म्हणजे चाळणीच विषारीपणाची होती. तिच्यातून निवडून आलेलं संयुग जहाल निघालं यात नवल काय? सीताफळाच्या बिया वाटून उवांवर लावायची रीत अनेक देशांत आहे, आणि ती वाटण डोळ्यांत गेल्याने बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

हे जहालपण येतं कुठून ते १९९०च्या दशकात उलगडत गेलं. पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा मायटोकाँड्रियात तयार होते, आणि तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या साखळीचा पहिला दुवा म्हणजे ‘कॉम्प्लेक्स-१’. अ‍ॅसिटोजेनिन तो दुवा अडवतं. मग एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते ते रसायन, बनणं मंदावतं आणि पेशी उपाशी मरते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेची भूक मोठी, म्हणून कर्करोगाच्या संशोधकांना यात आशा दिसली. पण तशीच मोठी भूक मेंदूच्या पेशींनाही असते.

युवॅरिसिन सापडलं त्याच १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांसारखे ताठरले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती. शरीरात तिचं जे रूप होतं, तेही कॉम्प्लेक्स-१च अडवतं. हे दोन धागे तेव्हा कुणी जोडले नाहीत, जोडण्याचं कारणही नव्हतं.

कारण मिळालं ते ग्वाडेलूप या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांवर. तिथे लक्ष्मणफळाला कोरोसोल म्हणतात. फळ खातात, पानांचा काढा पितात. कापारोस-लफेव्र आणि एल्बाझ या संशोधकांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या पार्किन्सनसदृश आजाराच्या ८७ रुग्णांचा अहवाल दिला. नेहमीचा पार्किन्सन त्यांतल्या फक्त २२ जणांना होता. युरोपात अशा रुग्णांमध्ये नेहमीच्याच पार्किन्सनचं प्रमाण मोठं असतं. इथे चित्र उलटं होतं. बाकीच्या बहुतेकांचा आजार वेगळ्या वळणाचा होता, लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा, आणि या रुग्णांच्या खाण्यापिण्यात कोरोसोलची फळं आणि काढा वारंवार आढळले.

पुढे २००३ मध्ये लक्ष्मणफळातल्या अ‍ॅनोनासिन या अ‍ॅसिटोजेनिनने डोपामिन (पार्किन्सनमध्ये कमी पडणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी मरतात हे प्रयोगशाळेत दिसलं, आणि २००४ मध्ये उंदरांना ते २८ दिवस दिल्यावर मेंदूच्या नेमक्या या पेशींच्या भागात हानी आढळली. ग्वाडेलूपचा आजार याच फळामुळे होतो हे मात्र अजून निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. लक्ष्मणफळाने माणसाचा कर्करोग बरा होतो, हेही कुठल्या भक्कम वैद्यकीय चाचणीत दिसलेलं नाही.

मोजमाप करणाऱ्यांना एका फळात सरासरी १५ मिलिग्रॅम अ‍ॅनोनासिन मिळालं, पानांच्या काढ्याच्या कपात ०.१४ मिलिग्रॅम. रोज एक फळ खाणाऱ्या माणसाच्या पोटात वर्षभरात जेवढं जातं, ते वजनाच्या हिशेबाने उंदरांना इजा करणाऱ्या मात्रेच्या आसपास येतं. फक्त उंदरांना ते थेट शिरेतून दिलं होतं. खाल्लेल्या फळातलं किती रक्तात उतरतं आणि त्यातलं किती मेंदूपर्यंत पोचतं, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.