फाईल तीच, मग नवं विंडोज तिला ओळखत का नाही?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातनं मागे सकाळी सकाळी फोन आला, दिवाणजी घाबरलेले, म्हणाले "अहो सर, जुन्या कॉम्प्युटरवर कालपर्यंत चालत होतं, नव्यावर वर लाल पट्टी आलीय आणि मजुरीचं बटण दाबलं तर काहीच होईना, व्हायरस आला काय हो? डेटा गेला काय?" आणि नेमका पगाराचा दिवस.

त्यांच्याकडं ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये, बनवलेली एक जुनी फाईल आहे, कुठल्या बीमला (सूत गुंडाळायच्या रुळाला) किती किलो सूत गेलं, कुठल्या लूमवर, म्हणजे मागावर, किती डझन टॉवेल निघाले, कुणाची किती मजुरी झाली, सगळं त्यात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मालकांनी विंडोज ११ चा नवा पीसी घेतला, फाईल ईमेलनं स्वतःलाच पाठवली, नव्या पीसीवर डाउनलोड केली, आणि तिथंच सगळं अडलं.

आधी हे सांगतो की डेटा कुठंही जात नाही. ॲक्सेसची फाईल म्हणजे नुसते तक्ते नसतात, त्यात बटणामागं चालणारा कोडही असतो, मॅक्रो म्हणतात तो. इशारा येतो तो या कोडसाठी. तक्ते उघडून बघा, सूत, लूम, मजुरी सगळं जागेवर दिसतं, फक्त कोड बंद असतो म्हणून बटण मुकं होतं आणि नवीन नोंदी टाकणाऱ्या क्वेरी, म्हणजे तक्त्यांना दिलेल्या आज्ञा, गप्प बसतात. खाली स्टेटस बारवर बारीक अक्षरात त्याचा मेसेजही येतो, पण तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

आता कोडवर एवढा संशय का, तर त्यालाही कारण आहे. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस आला होता, तो वर्डच्या साध्या फाईलमधल्या मॅक्रोत लपलेला, फाईल उघडली की तो आउटलुकच्या ॲड्रेस बुकातल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच मेल करायचा. तेव्हापासून मॅक्रोभोवतीचं कुंपण वाढत गेलं आणि २०२२ पासून तर इंटरनेटवरनं आलेल्या फाईलीतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिस थेट अडवतं, ती लाल पट्टी याचीच.

पण कॉम्प्युटरला कसं कळतं की फाईल इंटरनेटवरनं आली? मला हा भाग फार आवडतो. ब्राउझरनं फाईल उतरवली की विंडोज तिच्या शेपटीला एक अदृश्य चिठ्ठी बांधतं, झोन आयडेंटिफायर नावाची, आणि तिच्यात एक आकडा असतो. ३ म्हणजे इंटरनेट, १ म्हणजे ऑफिसमधलं नेटवर्क. ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते, एफएटी३२ च्या पेनड्राइव्हला ती ठेवायची सोयच नाही, म्हणून तीच फाईल पेनड्राइव्हनं आणली असती तर लाल पट्टी आली नसती, पिवळी आली असती.

पिवळी पट्टी वेगळी. तिचा अर्थ एवढाच की या जागेवरच्या कोडवर विश्वास ठेवायला मला अजून कुणी सांगितलेलं नाही. जुन्या पीसीवर कुणीतरी कधीतरी ते सांगितलेलं असतं, पण विश्वासातल्या फाईलींची ती यादी फाईलीत नसते, विंडोजच्या त्या युजरच्या प्रोफाईलमध्ये रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत असते. त्याच पीसीवर विंडोज नुसतं अपग्रेड केलं तर प्रोफाईल राहतं आणि यादीही राहते, पण नवा पीसी, फॉरमॅट किंवा नुसता नवा लॉगिन झाला तरी यादी कोरी. फाईल तीच असते हो, ओळख करून देणारा तिकडंच राहिलेला असतो.

मी गेलो तोवर दुसऱ्या एकानं फोनवरनं सांगून सगळे मॅक्रो चालू करायचं सेटिंग करून ठेवलं होतं. ते मी सगळ्यात आधी बंद केलं. उद्या बिल म्हणून कुणी मेलवर काहीही पाठवलं तर त्यातल्या कोडला ॲक्सेसमध्ये कुणी अडवेलच याची खात्री नाही, एका फाईलसाठी अख्ख्या घराचं दार काढून ठेवण्यासारखं आहे ते, कृपा करून हे करू नका.

मग आधी फाईलची कॉपी घेतली. फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, की चिठ्ठी निघाली. फाईल आपलीच आहे याची खात्री असेल तरच हे करायचं. नंतर डी ड्राइव्हवर एक वेगळं फोल्डर केलं, फाईल त्यात टाकली, आणि ॲक्सेसच्या ऑप्शन्समधल्या ट्रस्ट सेंटरमध्ये ट्रस्टेड लोकेशन्सला, म्हणजे विश्वासाच्या जागांच्या यादीला, तेवढं एकच फोल्डर जोडलं. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप तिथं कधीच जोडू नका, बाहेरचं सगळं आधी तिथंच येऊन पडतं.

बटण चाललं, मजुरी निघाली, पण गोडाऊनच्या पीसीवर ऑफिसच्या पीसीतली हीच फाईल नेटवर्कवरनं उघडायचे, तिथं इशारा तसाच. तिथला शॉर्टकट बघितला तर १९२.१६८ नं सुरू होणारा आयपी ॲड्रेस, म्हणजे ऑफिसच्या पीसीचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, टाकलेला. विंडोजला पत्त्यात ठिपके दिसले की तो त्याला इंटरनेटवरचा पत्ता समजतो, मशीन शेजारच्या खोलीत असलं तरी. त्याऐवजी ऑफिसच्या पीसीचं नाव टाकलं की तो घरचा मानतो. तरी नेटवर्कवरची जागा ट्रस्टेड करायला वेगळी टिक लागते आणि तिच्यापुढंच लिहिलेलं असतं की हे करू नका असा आमचा सल्ला आहे. म्हणून मी फाईलचे दोन भाग केले, फॉर्म आणि कोडवाला भाग दोन्ही पीसीवर आपापल्या ट्रस्टेड फोल्डरमध्ये, आणि नुसते तक्ते ऑफिसच्या पीसीवर शेअर करून. याला अर्धा दिवस गेला, पण गोडाऊनमधनं टाकलेली सुताची नोंद आता ऑफिसात लगेच दिसते आणि दोन्हीकडं एकही पट्टी येत नाही.